डाग कोणाचा?

स्वयंपाकघरातल्या सिंकला मराठीत शब्द नाही. मी पुष्कळ शोधला. 'मोरी' म्हणावं, तर मोरी जमिनीवर असते आणि सिंक कमरेएवढ्या उंचीवर. 'कुंड' म्हणावं, तर त्यात हात घालताना उगीच पुण्य लागल्यासारखं वाटतं. एखाद्या समितीकडे काम सोपवलं तर 'भांडीप्रक्षालनपात्र' असा शब्द निघेल, आणि मग आधी तो शब्दच चिंच लावून घासावा लागेल. ज्या वस्तूला आपल्या भाषेत नाव नाही तिच्याबद्दल आपण विचारही करत नाही, असं तत्त्वज्ञ म्हणतात. कोणते तत्त्वज्ञ, ते विचारू नका. मी कॉमर्सचा.

पण विचार करायला मी राहतो ती जागा मात्र उत्तम आहे. आमचं बाळापूर दोन नद्यांच्या संगमावर वसलेलं आहे. एका नदीचं नाव मन आणि दुसरीचं म्हैस. ही नावं मी ठेवलेली नाहीत, नकाशात पाहून घ्या. एकीकडून मन येतं, दुसरीकडून म्हैस येते, आणि पुढे दोन्ही एक होऊन संथपणे वाहू लागतात. माझ्या चिंतनाची पद्धतही साधारण हीच आहे. संगमावर विटांचा किल्ला आहे. औरंगजेबाचा मुलगा आझमशाह याने तो सुरू केला आणि एलिचपूरचा नवाब इस्माईलखान याने १७५७ मध्ये पुरा केला. आझमशाह तर १७०७ मध्येच गेला. म्हणजे काम निदान पन्नास वर्षं चाललं. एवढे हप्ते थकलेलं गृहकर्ज मी आमच्या शाखेतसुद्धा पाहिलेलं नाही.

तर प्रश्न सिंकचा. आणि तो प्रश्न नीतिशास्त्राचा आहे, प्लंबरचा नाही. प्रश्न असा, की एखाद्या गोष्टीवर डाग दिसला, तर तो डाग कोणाचा?

आपण उत्तर फार पटकन देतो. डाग ज्याच्यावर दिसतो, त्याचा! शर्टावरचा डाग शर्टाचा, सिंकवरचा डाग सिंकचा, माणसावरचा डाग माणसाचा. हे उत्तर सोयीचं आहे, कारण पुढे चौकशी करावी लागत नाही. पण आमच्या धंद्यात एवढ्यावर भागत नाही. खात्यात रक्कम दिसली की ती आली कुठून, हे लिहावं लागतं. नावेची नोंद असेल तर जमेची कुठे आहे ते शोधावं लागतं. तोच नियम मी सिंकला लावून पाहिला, आणि हिशेब भलताच निघाला.

आधी थोडा इतिहास. आमच्या आज्यांच्या काळी भांडी मोरीत घासली जात. उकिडवं बसायचं, राख घ्यायची, पितळेला चिंच लावायची, फारच काळं झालं तर विटकरीचा चुरा. (सगळं गाव विटकरीनं भांडी घासत असताना विटांचा किल्ला शाबूत राहिला, हे राखेचे उपकार.) अधूनमधून कल्हईवाला यायचा. मग स्टील आलं. बोहारीण दारात बसून जुन्या पातळांवर डाव्या हातानं नापसंती दाखवी आणि उजव्या हातानं स्टीलचा डबा पुढे करी. लग्नात आलेल्या ताटांवर नावं कोरली जाऊ लागली. १९८१ मध्ये सेलमचा सरकारी कारखाना सुरू झाला आणि 'सेलम स्टील' हे शब्द लग्नाच्या याद्यांत सोन्याच्या खालोखाल दिसू लागले. भांड्यांच्या मागोमाग सिंक आलं आणि त्याने एक मोठी क्रांती केली. शतकानुशतकं उकिडवी बसलेली बाई उभी राहिली. पुरुषांना 'गुडघे दुखतात' ही सबब सांगण्याची सोय राहिली नाही. ते आता कंबर दुखते म्हणून सांगतात.

आता पहिला डाग. आमच्याकडे बोअरचं पाणी नळाला आलं की आठ दिवसांत सिंकवर पांढरा थर धरतो. नळाच्या बुडाशी तर चुना लावल्यासारखा. पुण्याहून पाहुण्या आलेल्या एका वहिनींनी हे पाहिलं आणि अतिशय गोड आवाजात विचारलं, "तुमच्याकडे रोज नाही का पुसत?" आमच्या सौभाग्यवतीचा चेहरा त्या क्षणी १८ गेजचा झाला. (गेजची गंमत अशी, की आकडा जितका लहान तितका पत्रा जाड. १८ गेज २२ पेक्षा जाड असतो.)

वहिनींना माहीत नव्हतं ते असं. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांमधून खारपाणपट्टा जातो. इथलं जमिनीखालचं पाणी खारट आणि जड. ते वाळलं की त्यातले क्षार मागे राहतात. थर पाण्याचा, दोष पत्र्याचा, आणि टोमणा बाईला! २०२३ च्या एप्रिलमध्ये आमच्या भागातल्या गावांच्या पाण्यासाठी अकोल्याहून नागपूरच्या दिशेनं लोक पायी निघाले होते, तेही हेच खारं पाणी बरोबर घेऊन. सिंकवरचा थर निदान दिसतो तरी, लिंबाची फोड चोळली, नाहीतर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून दहा मिनिटं ठेवलं, मग धुऊन पुसलं की निघतो. तेच पाणी जन्मभर पिणाऱ्या माणसाच्या आत काय साचतं ते दिसतही नाही आणि लिंबानं निघतही नाही. म्हणून माझं म्हणणं, पुण्याच्या सिंकनं बाळापूरच्या सिंकला चारित्र्याचा उपदेश करू नये. आधी दोघांनी पाणी बदलून पाहावं.

दुसरा डाग डोळ्यांना दिसत नाही, नाकाला दिसतो. दिवाळीत किंवा मे महिन्यात पंधरा दिवस घर बंद ठेवून आलं की स्वयंपाकघरात गटाराचा वास येतो. सगळे सिंककडे बोट दाखवतात. सिंक बिचारं पंधरा दिवस उपाशी, कोरडं ठणठणीत. त्याच्याखाली प्लंबर ज्याला 'ट्रॅप' म्हणतो तो वाकडा भाग असतो. त्यात थोडं पाणी कायम अडून राहतं आणि तेच पाणी गटाराचा वास घरात येऊ देत नाही. अकोल्याकडच्या उन्हाळ्यात ते पाणी वाळून जातं आणि वाट मोकळी होते. उपाय म्हणजे दोन तांबे पाणी ओतणं. म्हणजे वास गटाराचा, आणि बदनाम कोण, तर इतके दिवस तो वास निमूटपणे अडवून धरणारा! प्रत्येक कचेरीत असा एक ट्रॅप असतो. तो रजेवर गेला की मगच कळतं, रोज काय काय अडवत होता.

तिसरा डाग सगळ्यांत खोल आहे, पण त्यासाठी थोडं रसायनशास्त्र लागेल. घाबरू नका, मलाही तेवढंच येतं.

१९१३ मध्ये इंग्लंडात शेफील्ड गावी हॅरी ब्रिअर्ली नावाचा गृहस्थ बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून पोलादात निरनिराळं मिश्रण करून पाहत होता. क्रोमियम घातलेलं एक पोलाद आम्लालाही दाद देईना, असं त्याच्या लक्षात आलं. बंदूक राहिली बाजूला, काटे-चमचे सुरू झाले. मानवजातीच्या इतिहासात शस्त्राचं असं भांडं होणं फार वेळा घडत नाही. उलटंच जास्त वेळा घडतं. या पोलादाला पुढे 'स्टेनलेस' नाव पडलं. आपण त्याचा अर्थ 'निष्कलंक' असा घेतो. पण इंग्रजीत 'लेस' म्हणजे जसं 'विना' तसंच 'कमी' असंही. स्टेनलेस म्हणजे डाग-कमी, असं मी समजतो. व्यवहाराला तेच बरं पडतं.

कारण डाग न पडण्याचं रहस्य पोलादाच्या शुद्धतेत नाहीच. ते मिश्रणात आहे! शुद्ध लोखंडही गंजतं. त्यात निदान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळलं की पृष्ठभागावर केसाच्या हजारो पटींनी पातळ असा एक पापुद्रा तयार होतो. (चांगल्या सिंकमध्ये, म्हणजे ३०४ नंबरच्या पोलादात, क्रोमियम १८ टक्के आणि निकेल ८ टक्के असतं. म्हणूनच ताटांमागे १८/८ छापतात.) ओरखडा गेला की पापुद्रा फाटतो. पण तिथे हवा लागली की हवेतला ऑक्सिजन घेऊन तो लगेच पुन्हा धरतो. ना कल्हई, ना कल्हईवाला. म्हणजे निष्कलंक तो नव्हे, ज्याला कधी ओरखडाच गेला नाही. ज्याची जखम आपली आपण भरून येते, तो निष्कलंक. फक्त त्याला हवा लागली पाहिजे. त्यावर खरकटं साचवून, वर परात पालथी घालून ठेवली, तर खाली हवा पोचत नाही आणि पापुद्रा धरत नाही. घरातल्या भानगडींवर परात पालथी घालणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

मग आमच्या सिंकवर तपकिरी ठिपके कुठून आले? आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी निकाल एका वाक्यात दिला.

"ताई, फसले बाप्पा तुमी. जंग चढून राह्यला याले."

"अवो मावशी, स्टेनलेस आहे नं ते!"

"नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा," मावशी म्हणाल्या आणि पदर खोचून साध्या लोखंडी तारेच्या घासणीनं ते ठिपके आणखी जोरात घासू लागल्या.

ठिपके दुसऱ्या दिवशी दुप्पट झाले. कारण सोपं आहे. त्या तारेचे बारीक बारीक कण पत्र्यावर चिकटून राहतात. ओल लागली की ते कण गंजतात. पत्रा गंजत नाही, घासणीचा गंज पत्र्यावर बसतो. तो गंज काढायला माणूस पुन्हा तीच घासणी घेतो, आणखी कण सोडतो, आणि म्हणतो, बघा, मी इतकं घासतो तरी याचा डाग जात नाही! खरा उपाय एकदम मवाळ आहे. खाण्याच्या सोड्याची पेस्ट, ओला मऊ स्पंज, पत्र्यावर ज्या दिशेनं बारीक रेषा असतात त्याच दिशेनं हलका हात, मग भरपूर पाणी आणि कोरडं फडकं.

हे कळलं त्या दिवशी मला आमच्या पहिल्या शाखेतले हेड कॅशियर आठवले. शाखेचं नाव सांगत नाही, बँकेचंही नाही. एका सोमवारी संध्याकाळी त्यांची रोकड दहा हजारांनी कमी आली. रात्री नऊपर्यंत मोजणी झाली. जुळेना. त्यांनी घरून पैसे मागवले आणि स्वतःच्या खिशातून भरणा केला. चौथ्या दिवशी एक अडत्या आला आणि काउंटरवर शंभरांचं एक बंडल ठेवून म्हणाला, "भाऊ, सोमवारी एक जास्तीचं आलं आमच्याकडं. मुनीमजीच्या आज ध्यानात आलं." हिशेब मिटला. चौकशीचा कागद 'दोष नाही' असा शेरा मारून फायलीत गेला.

कागद फायलीत गेला, पण गंमत शाखेतच राहिली. मी तिथे होतो ती सहा वर्षं ती चालू होती. बंडल हातात आलं की कोणीतरी म्हणायचं, "मोजून घ्या हं, साहेबांच्या हातचं आहे." सगळे हसायचे. तेही हसायचे. म्हणणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हेच तर अवघड होतं. तार कुठे वाईट असते? घासण्यासाठीच असते. हळूहळू ते प्रत्येक बंडल तीनदा मोजू लागले, मग चारदा. काउंटरवरची रांग लांबू लागली आणि लोक म्हणू लागले, काहीतरी असल्याशिवाय का इतकं मोजतात?

त्यांच्या निरोपसमारंभात व्यवस्थापकांनी 'निष्कलंक सेवा' असे शब्द वापरले. ते सगळ्यांच्याच निरोपात वापरतात. मागच्या रांगेत कोणीतरी खाकरलं. उत्तरादाखल ते उठले, हारातली एक पाकळी कोटावरून झटकली आणि एवढंच म्हणाले, "रोकड चौथ्या दिवशी जुळली होती. नोंद असू द्या." आणि बसले. तो जंग त्यांचा नव्हता. आमच्या तारेचा होता.

इथे सौभाग्यवतीनं एक चोख हरकत घेतली. "म्हणजे डाग दिसला की तो नेहमी दुसऱ्याचाच? तुमचं तत्त्वज्ञान ऐकलं तर घरात कोणी घासणारच नाही."

हरकत रास्त आहे. सगळेच डाग परके नसतात. लोणच्याची बरणी विसळून ते पाणी रात्रभर सिंकमध्ये ठेवलं, किंवा चमक यावी म्हणून त्यात ब्लीचिंग नाहीतर संडासचं ॲसिड ओतलं, तर त्यातला क्लोराइड पापुद्रा भेदून खाली बारीक खड्डे पाडतो. तो खड्डा पत्र्याचा स्वतःचा. तो लिंबानं जात नाही, सोड्यानं जात नाही. तो वाढू नये एवढीच काळजी घेता येते. म्हणून रात्रीचं खरकटं रात्रीच काढावं, हे खरंच. पण आधी पाहावं, थर आहे, ठिपका आहे की खड्डा आहे. तिघांना औषध वेगळं. आपण तिघांनाही तार लावतो.

आणि पाहायला वेळ द्यावा. चांगलं स्टील ओळखायला लोक चुंबक लावतात. चिकटलं तर खोटं, नाही चिकटलं तर खरं. पण निकेलऐवजी मँगेनीज जास्त घातलेलं हलकं स्टीलही चुंबकाला चिकटत नाही, आणि ४३० नंबरचं चिकटूनही स्टेनलेसच असतं. एका झटक्यात चारित्र्य ओळखण्याच्या सगळ्या युक्त्या या चुंबकासारख्याच. त्या मानानं बँका सज्जन. कर्जाचा हप्ता थकला तरी ते खातं बुडीताच्या वाटेवर आहे असं म्हणायला आम्ही ९० दिवस थांबतो. माणसाला आपण ९० सेकंद देत नाही. आणि सगळी थकबाकी भरली की तेच खातं रिझर्व्ह बँकेच्या नियमानं पुन्हा 'मानक' होतं. पूर्वी थकलं होतं म्हणून मागच्या रांगेत कोणी खाकरत नाही.

राहिली मावशींची गोष्ट. कितीतरी घरांत मी पाहिलंय, घरातले सगळे कप ज्या बाईच्या हातून स्वच्छ होतात, तिला चहा मात्र ओट्याखाली पालथ्या ठेवलेल्या वेगळ्या कपात मिळतो. तो वेगळा कपसुद्धा तीच धुते. हिशेबाच्या कोणत्याही पुस्तकात ही नोंद बसवून दाखवा. घाण आमची, ताटं आमची, ती धुणारे हात तिचे, आणि विटाळ मात्र तिच्या नावे टाकलेला! आमच्या मावशी आमच्याच कपात चहा पितात. त्यात आमचा मोठेपणा नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी तसा कप पाहून विचारलं होतं, "हा कोनाचा वो, ताई? पाव्हन्याचा?" सौभाग्यवतीनं तो त्याच दिवशी फोडणीच्या तेलासाठी काढून ठेवला. तारेची घासणीही अलीकडे गेली. स्पंज हातात घेताना मावशी म्हणाल्या, "यानं काय निंगते?" निघालं. त्यावर त्यांचं मत असं, की सिंक आता सुधारलं.

कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला 'घसारा' हा शब्द भेटतो. वस्तू वापरली की तिची किंमत दरवर्षी थोडी कमी लिहायची. घासण्यावरून घसारा, की घसरण्यावरून, ते भाषावाले जाणोत. तो लिहिण्याच्या दोन पद्धती आहेत. एक सरळ रेषेची: दरवर्षी ठरलेली रक्कम कापत जायची, आणि ठरलेल्या वर्षी वस्तू शून्य. दुसरी घटत्या शिलकेची: जे उरलं असेल त्याचे दरसाल काही टक्के कापायचे. या दुसऱ्या पद्धतीची एक खोड आहे. कितीही वर्षं कापत गेलात तरी किंमत कधी शून्य होत नाही. लेखापरीक्षकांना तिचा जरा कंटाळा येतो.

सिंक कोणत्या पद्धतीनं लिहावं ते आयकर खातं सांगेल. माणसं मात्र मी दुसऱ्या पद्धतीनं लिहितो.